मधली भिंत

मंगळवार, ५ ऑगस्ट

ऑकलंडच्या नेतृत्व शिबिरात शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एक वही मिळाली. शिकवणारा ग्रॅहम म्हणाला, "नेता रोज स्वतःशी खरं बोलतो." बोलू या. मला कुठे लपवायचंय काही?

पहिल्या पानावर प्रश्न छापलेत. तुम्ही कोण? उत्तर: सालेसी, टोंगातल्या वावाऊ बेटावरच्या व्हॅनिलाच्या शेडचा मालक, बाबा गेल्यापासून सहा वर्षं. काय बदलणार? उत्तर: सगळं.

कशासाठी? ह्याला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. ऑकलंडची आइस्क्रीमवाली ब्रॉनविन आजवर आमचा अर्धाच माल घ्यायची. आता ती तीन वर्षं सगळा माल घ्यायला तयार आहे. पुढच्या महिन्यात नमुन्याच्या पेट्या पाठवायच्या, आणि ऑक्टोबरात ती स्वतः येऊन बघणार. दुसरा घेणारा गेल्या वर्षीच सोडून गेला. ती नाही म्हणाली तर पुढच्या हंगामात शेड उघडण्यात अर्थ नाही. चौदा बायका, सहा पुरुष आणि मी, सगळे घरी.

पण तसं होणार नाही. ग्रॅहम तीन दिवस एकच गोष्ट घोकून घेत होता: माणसांमधल्या भिंती पाडा. बाकीचे माना डोलवत होते. मी मनातल्या मनात मापं घेत होतो, कारण आमच्या शेडमध्ये खरोखरच एक भिंत आहे.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पाडली!

बाबांनी नारळाच्या फळ्या आणि पत्रा ठोकून ती मधोमध उभी केली होती. अलीकडे पुरुष: शेंगा गरम पाण्यातून काढायच्या, कांबळ्यांत गुंडाळून घाम आणायचा, मग उन्हात टाकायच्या. पलीकडे बायका: वाळलेली शेंग बोटांतून ओढून सरळ करायची, निवडायची, जुड्या बांधायच्या. बायकांची मुख्य माझी थोरली बहीण, मेलेआनेताई. वाळल्या शेंगांचे ट्रे बाहेरून, अख्ख्या शेडला वळसा घालून पलीकडे न्यावे लागायचे. पाऊस आला की पळापळ. ह्याला काय अर्थ आहे?

मुकादम आइसाके पहार हातात घेऊन उभाच राहिला.

"सालेसी, पलीकडे माझ्या बहिणी बसतात."

त्याच्या सख्ख्या नव्हेत. पण आमच्यात चुलत, मावस असा भेद नाही, सगळ्या बहिणीच. आणि बहीण असेल त्या खोलीत भाऊ थट्टामस्करी करत नाही, पाय पसरून बसत नाही, मोठ्याने हसतही नाही. हे मला काय तो सांगणार?

"माझीपण बसते," मी म्हणालो. "पण ही शेड आहे, घर नाही. जग कुठे चाललंय, आइसाके!"

"बरं," तो म्हणाला. "जग ह्याच दाराने चाललंय का? मग जरा बाजूला हो, फळी पडेल."

दोन तासांत भिंत भुईसपाट झाली. ताई पलीकडच्या टेबलाशी उभी होती. तिने एकदा मोकळ्या जागेकडे पाहिलं, पदर सावरावा तसा झगा नीट केला आणि खाली मान घालून कामाला लागली. एक अक्षर बोलली नाही. म्हणजे पसंत आहे.

सोमवार, ११ ऑगस्ट

कमाल आहे. ह्या बायका घरच्या जुन्या झग्यांत कामावर यायच्या. आज चौदाच्या चौदा जणी चर्चला निघाल्यासारख्या, कमरेला मानाच्या विणलेल्या चटया बांधून आल्या. भिंत पडली आणि कामाबद्दलचा आदर एका रात्रीत वाढला. आणि शांतता तर अशी की शेंग टेबलावर ठेवल्याचाही आवाज येतो. पूर्वी पलीकडून नुसता कालवा ऐकू यायचा. त्यातल्या त्यात लाविनिया नावाची एक आहे, तिचं हसू तर बंदरापर्यंत जायचं. आता तिच्याही तोंडाला कुलूप. एकाग्रता म्हणतात ती हीच.

माझं टेबल मी बरोब्बर मधे मांडलंय, जिथे भिंत होती तिथे.

बुधवार, २० ऑगस्ट

एक निरीक्षण. बायका दिवसातून सहा-सात वेळा मागच्या पाण्याच्या टाकीकडे जातात, तिघी-तिघी मिळून. मुठीत काहीतरी असतं. एवढी तहान? आइसाकेला विचारलं, तर तो छताकडे बघत म्हणाला, "उकडतंय." ऑगस्टात, आमच्या ऐन थंडीत!

जुड्याही कमी होतायत. नवी पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो, हे ग्रॅहमने आधीच बजावलं होतं.

ताईने ओफाकडून निरोप पाठवला. ओफा माझी बायको. ताईचं माझ्याशी काही काम असलं की ते तिच्यामार्फतच येतं, लहानपणी आईमार्फत यायचं तसं. निरोप असा: पश्चिमेचा वारा फार लागतो, काही आडोसा असता तर बरं झालं असतं.

लगेच पश्चिमेच्या सगळ्या झडपा बंद करून घेतल्या. नेत्याने ऐकलं पाहिजे, आणि मी ऐकतो.

मंगळवार, २६ ऑगस्ट

ताईचा दुसरा निरोप. उजेडाने डोळे दिपतात, मधे काही असतं तर हात चालले असते.

बाजारातून चौदा गवती टोप्या आणल्या, रुंद काठाच्या. प्रत्येकीवर शेडचं नाव रंगवून घेतलं. ताईने टोपी दोन्ही हातांनी घेतली, मान लववली आणि घातलीसुद्धा. घरी आल्यावर ओफाला सांगितलं, तर ती भांडी घासता घासता थांबली.

"टोप्या?"

"रुंद काठाच्या."

"देवा," ती म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली. हिला माझं कौतुक करणं कधी जमलंच नाही.

सोमवार, १ सप्टेंबर

नमुन्याच्या सहा पेट्या विमानाने गेल्या. मेणकागदात गुंडाळलेल्या, काळ्याभोर, तेलकट चमक असलेल्या जुड्या. छाती भरून आली. बाबा असते तर म्हणाले असते, "भिंत कुठे गेली?" आणि मग पेट्या बघून गप्प बसले असते.

मंगळवार, ९ सप्टेंबर

ब्रॉनविनचा फोन. सहापैकी चार पेट्यांत बुरशी.

जुडीत एक ओलसर शेंग राहिली तरी अख्खी पेटी हातची जाते, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ती ओरडली नाही. म्हणाली, "सालेसी, तुमच्याकडून असं कधीच आलं नव्हतं. मी आठ ऑक्टोबरला येते. पण खरं सांगते, आणखी दोन ठिकाणी बोलणी लावून ठेवलीयत."

हे इथेच लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. बाबांच्या वेळी बुरशी नव्हती. बाबा कुठल्या शिबिराला गेले नव्हते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

खचून जाणं हे नेत्याचं काम नाही. दोन उपाय तातडीने केले. पहिला, भिंतीवर मोठा तक्ता: चांगली, मध्यम, ओली, असे शेंगांचे तीन प्रकार, चित्रांसकट. दुसरा, सूचनापेटी. कुणीही, काहीही, निनावी लिहावं.

आज संध्याकाळी उघडली. एकच चिठ्ठी निघाली. "पेटी छान आहे."

रविवार, १४ सप्टेंबर

चर्चनंतर जेवण आमच्याकडे होतं. जमिनीतल्या भट्टीतून डुक्कर, तारोचे कंद, नारळाच्या दुधातली पानं निघाली. ताई मानाच्या जागी बसली, पहिलं ताट तिला गेलं. माझी मुलं तिच्यापुढे पाय दुमडून बसतात. आत्या म्हणजे आत्या; त्यांच्या बाबतीत तिचा शब्द माझ्या शब्दावर. मी दाराजवळ बसलो आणि लवकर उठलो, रिवाजाप्रमाणे.

ती गेल्यावर ओफाला धरलं.

"ताईला माहितेय का, बुरशी कशी गेली ते?"

"माहितेय."

"मग सांगत का नाही मला?"

"सांगण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं का? तुझ्या वहीत नाही का उत्तर?"

"थट्टा नको, ओफा. शेड बंद पडेल."

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी सांगू शकत नाही. माझ्या मुलांची आत्या आहेत त्या, त्यांनी मला गप्प बसायला सांगितलंय. पण तू एवढं कर. भिंत पाडल्यापासून शेडमधून काय काय गेलं, त्याची यादी कर."

यादी केली. फळ्या, पत्रा, खिळे, एक घुशीचं बीळ. यापलीकडे काही सुचत नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

गावाच्या चर्चसाठी नवा सभामंडप बांधतायत, त्याची सिमेंटची जमीन आज ओतायची होती. हे काम एका दमात करायचं असतं, म्हणून गावातले सगळे पुरुष तिथे, शेडमधलेही. ताईने निवडणीच्या बायकांना मात्र कामावर ठेवून घेतलं. ओफा बाकीच्या बायकांबरोबर मंडपामागे रांधत होती. दुपारी ती घाईघाईने माझ्याकडे आली. "ढग येतायत. शेडमधली मोठी ताडपत्री घेऊन ये. आत्ताच जा. आणि फाटकाकडून जाऊ नकोस, तिथे खड्डा पडलाय, मागून जा." आभाळात मला तरी हाताच्या तळव्याएवढाच ढग दिसत होता. पण सिमेंटचं काम, धोका कशाला घ्या.

मागच्या पायवाटेने चढलो आणि वाळवणाच्या मांडवापाशी पाय थबकला. शेडच्या उघड्या मागच्या दारातून बायकांची टेबलं दिसत होती, आणि हसण्याचा लोट येत होता. भिंत पाडल्यानंतर पहिल्यांदा.

लाविनियाचा आवाज: "ही घ्या, माझा नवरा! रविवारी जेवून आडवा झालेला. नुसतं दाबलं तरी सुस्कारा सोडतो."

"बाजूला ठेव गं त्याला," दुसरी म्हणाली. "तुझा नवरा जुडीत गेला की शेजारचेही झोपतात."

"आणि हे आपले पाद्रीबुवा. वरून कसे ठणठणीत! पण देठाशी हुंगून बघा."

"ई, कालची ताडी!"

"आणि हा फुसीचा म्हातारा. हा वाळलाय, पण वाकतच नाही."

"वाकला असता तर मला पाच पोरं झाली असती होय?" फुसी म्हणाली.

पुढचं लिहीत नाही. ते माझ्या कानांसाठी नव्हतं. भावाने असल्या ठिकाणी खाकरायचं असतं आणि निघून जायचं असतं. मी खाकरलो नाही, गेलोही नाही, कारण मला दिसायला लागलं. प्रत्येक नाव म्हणजे एक खोट होती. शेंड्याकडे मऊ तो एकीचा नवरा, देठाशी आंबट ते पाद्रीबुवा, जास्त वाळलेला तो फुसीचा म्हातारा. नाव उच्चारलं की हशा, हशा झाला की चौदा जणी हुंगून बघायच्या, आणि शेंग बरोबर त्या ढिगात जायची. मी दहापर्यंत ढीग मोजले. माझ्या तक्त्यावर तीन प्रकार आहेत.

आणि ह्यातलं एकही नाव आइसाकेसमोर, माझ्यासमोर, त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी मधोमध टेबल टाकून बसलो होतो, त्यांची जीभ बांधून. मुठीत लपवून नेलेल्या शेंगांना त्या टाकीमागे जाऊन नावं देत होत्या. मला वाटलं, तहान.

तेवढ्यात लाविनिया म्हणाली, "आणि ही? बघा कशी चकचकीत! अशी शेंग अख्ख्या ट्रेमध्ये नाही. पण दाबा. आत ओल." मग आवाज खाली आणून, "ही आपला सालेसी."

कुणी हसलं नाही. ताई तिथे होती ना. माझे कान तापले. मग ताईचा आवाज आला, सावकाश, आईसारखा:

"ती टाकायची नाही. वेगळी ठेवा. शेंग चांगलीय, घाईने आत आणली. तिला अजून ऊन लागायचंय."

मी ताडपत्री न घेताच खाली आलो. ओफाने विचारलंदेखील नाही. पाऊसही आला नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सकाळी उठून ठरवलं: भिंत परत उभी करायची. अजून कुणाला एक शब्द बोललो नव्हतो. तर चहा देताना ओफा म्हणते, "ताईंचा निरोप आहे. भिंत बांधणारच असशील तर मधे कमरेच्या उंचीवर एक लांब फट ठेव, ट्रे सरकेल एवढी. तोंडं दिसायला नकोत, हात दिसले तर चालेल. म्हणजे पावसात वळसा नको."

"तिला कसं कळलं मी—"

"चहा पी."

बाबांना सुचलं नाही, ग्रॅहमला सुचलं नसतं. फट! माल आरपार, हात आरपार, आणि भाऊ-बहिणी आपापल्या ठिकाणी. मी शेडमध्ये सगळ्यांना जमवलं आणि जाहीर केलं, "आपल्या बदलाचा दुसरा टप्पा आजपासून सुरू." आइसाकेने पहिल्या टप्प्याच्या फळ्या आधीच मागच्या बाजूने आणून ठेवल्या होत्या, पुसून.

"मोडलेल्या नव्हत्या," तो म्हणाला. "मी अलगद पाडली होती."

तक्ता काढला. सूचनापेटीत आता खिळे ठेवलेत. माझं टेबल बाहेर, मांडवाखाली.

सोमवार, २२ सप्टेंबर

भिंतीपलीकडे नुसता कालवा. चटया गेल्या, जुने झगे आले. जुड्या दुप्पट. पाणी कुणी पीत नाही.

एक शंका मनात राहतेच. मी मालक, आणि माझ्या मालाची निवड कशी होते ते मला ऐकता येणार नाही, तपासता येणार नाही. ग्रॅहमच्या वहीत ह्याच्यासाठी पान नाही. आज तीनदा आत जावंसं वाटलं. तीनही वेळा मांडवात जाऊन शेंगा उलटवल्या. हात मोकळे असले की माणूस भिंती पाडतो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

ब्रॉनविन आली. टोप्या घातलेल्या बायका दारात उभ्या राहिल्या, मग आत गेल्या, आणि ती त्यांच्यामागे. मी आणि आइसाके अलीकडे. दीड तास.

आधी कुजबुज, मग शांतता, मग असा स्फोट की छताचा पत्रा वाजला. त्यात एक हसू परकं होतं.

"आत काय चाललंय?" मी विचारलं.

"आपण भाऊ आहोत," आइसाके म्हणाला. "आपल्याला ऐकू येत नाही."

शेड राहणार की जाणार ते फळ्यांच्या पलीकडे ठरत होतं आणि मी इकडे काड्या मोडत बसलो होतो. पण खाकरलोही नाही.

ती डोळे पुसतच बाहेर आली. हातात एक जुडी होती, ती सारखी हुंगत होती.

"तीस वर्षं व्हॅनिला घेतेय," ती म्हणाली. "अशी निवड मी पाहिली नाही. लिहून देता येईल का मला?"

"नाही."

"तेच त्याही म्हणाल्या." तिने जुडी खाली केली. "मला वाटलं होतं तुम्ही भिंती पाडणारे आहात. फोनवर फार सांगत होतात."

"पाडली होती. चुकली. मग बांधली."

"आणि ती फट?"

माझं म्हणून सांगता आलं असतं. ऐकणारं कोण होतं? पण फटीतून चौदा जणींचे हात दिसत होते, आणि ते थांबले होते.

"माझ्या बहिणीची," मी मोठ्याने म्हणालो. "डोकं तिचं. मी फक्त खिळे ठोकले."

हात पुन्हा चालायला लागले.

तिने सही केली. सगळा माल, तीन वर्षं. आइसाकेने मला उचललं आणि लगेच, पलीकडे बहिणी आहेत हे आठवून, खाली ठेवलं.

जाताना ब्रॉनविन म्हणाली, "एक ट्रे मात्र तुमच्या बहिणीने दिला नाही. अजून तयार नाही म्हणाल्या. त्या शेंगांचं नाव विचारलं तर सगळ्या एकदम गप्प झाल्या. काय नाव आहे?"

"मला कसं माहीत असणार?" मी म्हणालो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

तो ट्रे मी रोज स्वतः उन्हात नेतो, स्वतः उलटवतो, दुपारी कांबळ्यात गुंडाळतो. आइसाकेला हात लावू देत नाही. त्याने कारण विचारलेलं नाही. संध्याकाळी फटीतून आत सरकवतो. सकाळी तो पुन्हा फटीतच असतो, म्हणजे अजून नाही. तेरा दिवस असं चाललंय. मी आयुष्यात इतका वेळ कशासाठीच थांबलो नव्हतो.

आज सकाळी फट रिकामी होती.

दिवसभर आमच्या बाजूच्या दारात बसून राहिलो. चारच्या सुमाराला भिंतीपलीकडचा कालवा एकदम थांबला. फटीतून एक हात आला. करंगळीवरचा जुना भाजल्याचा डाग मी ओळखतो, लहानपणी माझ्यासाठी भट्टीतला तारो काढताना पडलेला. हातात एक जुडी होती, केवड्याच्या दोऱ्याने बांधलेली.

मी दोन्ही हातांनी घेतली. एक शेंग बोटाला गुंडाळून पाहिली. वाकली, तुटली नाही. दाबली. ओल नाही.

ताई माझ्याशी सरळ बोलली त्याला किती वर्षं झाली, आठवत नाही. फळीपलीकडून तिचा आवाज आला.

"सालेसी, ही आता पेटीत गेली तरी चालेल."

"हो, ताई," मी म्हणालो.

मग मी खाकरलो, जोरात, रिवाजाप्रमाणे, आणि मांडवाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत निघून गेलो, म्हणजे त्यांना हसता येईल.